जात ठरायची आहे

"गाठी नाहीत, हे चांगलं आहे. पण याची जात अजून ठरायची आहे," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उठायला निघालेली प्रेमिला पुन्हा खुर्चीवर बसली.

"कोनाची?"

"आजाराची हो," डॉक्टर मयुरा हसल्या. वयानं प्रेमिलाच्या मुलीएवढ्या, रोशनीएवढ्या. केस घाईत बांधलेले, भुवया वाढलेल्या. भुवया पाहणं हा प्रेमिलाचा धंदाच होता, नागपूरच्या सक्करदऱ्यात तिचं पार्लर होतं. समोरच्या माणसाचा राग आला की ती आधी त्याच्या भुवया पाहायची.

खरं म्हणजे कॅन्सर हा शब्द त्याआधीच येऊन गेला होता. कातडीचा आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, लिम्फोमा म्हणतात, असं मयुरा सांगत होती तेव्हा प्रेमिला मान हलवत होती, पार्लरमध्ये एखादी बाई सुनेचं गाऱ्हाणं सांगते तेव्हा हलवते तशी. कॅन्सर कानावरून गेला. अडकला तो दुसराच शब्द. डॉक्टर पोरीच्या मनात काही नव्हतं, हे प्रेमिलाला दिसत होतं. तांदळाची जात असते, आंब्याची असते, तशी आजाराची. कुहीला, गावी, बाप धानाच्या जाती बोटांवर मोजून दाखवायचा आणि तेव्हा कुणाला काही टोचायचं नाही. पण कान डोक्याच्या आधी जन्मलेला असतो. डोकं म्हणतं, साधं बोलली ती. कान म्हणतो, बोलली ना. पोलका घामानं पाठीला चिकटला होता. बाहेर मे महिना भाजत होता आणि प्रेमिलानं मनगटापर्यंत बाह्यांचा पोलका घातला होता, दोन वर्षांपासून घालत होती, कारण दंडावरचे पांढरे डाग आता कोपराच्या खाली उतरले होते.

"सांगा मले नीट," ती म्हणाली. "कोनती जात, कशी ठरवता, सगळं सांगा. मी घाईत नाही."

मयुरानं घड्याळ पाहिलं, मग पेन खाली ठेवलं. तेवढ्यानं प्रेमिलाचा अर्धा राग उतरला. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, मयुरा सांगू लागली. त्यातले काही बिघडतात आणि कातडीत ठाण मांडतात. त्यांची दोन मोठी घराणी, एक टी, एक बी. कातडीत बहुतेक वेळा टीच सापडतात. (जात झाली, घराणं झालं, आता गोत्र इचारन ही, प्रेमिलाच्या मनात आलं.) पुढे त्यांचे प्रकार. काही मंद असतात, वर्षानुवर्षं नुसते डाग म्हणून राहतात, माणूस म्हातारपणानं जातो आणि डाग जागच्या जागी. काही डाग जाड होत चट्टे होतात, काहींच्या गाठी होतात. एक तर रक्तात उतरतो आणि अंग सगळं लाल होतं, उकडल्यासारखं. काही पहिल्या दिवसापासूनच धावत सुटतात. म्हणून नाव नीट ठरल्याशिवाय इलाज ठरत नाही. मंद असलेल्याला जोराचं औषध दिलं तर औषधच मारतं.

"मंग नाव कशावरून ठरवता? मशीनवरून?"

"मशीन एकटं पुरत नाही. कातडीच्या काढलेल्या तुकड्याला वेगवेगळे रंग देतो, कोणता रंग धरतो ते पाहतो. पण गंमत सांगू का? दोन आजार असे आहेत की काचेखाली जुळ्या बहिणी. तीच पेशी, तोच रंग. एकीचे फोड आपोआप येतात, आपोआप जातात. दुसरीची गाठ वाढतच जाते. काचेला फरक कळत नाही. मग बाईलाच विचारावं लागतं, बाई, हे कसं आलं, कसं गेलं, किती दिवस राहिलं."

"म्हंजे बाईचं आयकावं लागते."

"ऐकावंच लागतं."

"बरं झालं बाप्पा," प्रेमिला उठली. "आजपावेतर कोनी आयकलं नोहतं."

ऑटोत ती रेशीमबागेच्या बाजूनं येत होती, गरम हवा तोंडावर, आणि डागांना मिळालेली सगळी नावं एकामागून एक आठवत होती. पहिला डाग दिसला तेव्हा गिऱ्हाइकं खूश झाली होती. काकू, कोणती क्रीम लावून राहिल्या, दंड तर गोरा होऊन राहिला. प्रेमिला काळी. बाप काळा, आजा काळा, ती त्यांच्याहून एक हात पुढे, आणि तिचा सगळा संसार दुसऱ्या बायकांना उजळ करण्यावर चाललेला. ब्लीचचा वास तिच्या बोटांतून जेवतानाही जायचा नाही. आरशाच्या वर कंपनीनं दिलेल्या पोस्टरवर दुधासारखी एक पोरगी पंधरा वर्षं हसत होती. तेव्हा तो डाग पाहून तिलाही क्षणभर मजा वाटली होती, अंगाला उशिरा अक्कल आली म्हणून. मग डाग वाढला. औषधाच्या दुकानातला पोऱ्या म्हणाला गजकर्ण, ट्यूब दिली. ट्यूब संपली, डाग तसाच. मग शेजारणी म्हणाल्या कोड. ते नाव बाया आवाज खाली करून घेतात, जणू मोठ्यानं म्हटलं तर त्यांच्याही गालावर उतरेल. मग एका खाजगी दवाखान्यातला म्हातारा डॉक्टर. त्यानं डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात डागावर टेकवली. लागलं की सांग. लागते, ती म्हणाली. पुन्हा टेकवली. लागते. खाली, वर, कोपरावर. लागते, डॉक्टरसाहेब, सारं लागते, माशी बसली तरी लागते. त्यानं ऐकलं आणि तरीही लिहून दिल्या गोळ्या, ज्यात डाग बधिर होतो त्या महारोगाच्या, वर्षभराच्या. "घेऊन टाका, तुमच्या लोकांत असतो हा," असं म्हणाला. मान वर न करता.

महारोग. महा म्हणजे मोठा, एवढंच, असं कुहीच्या शाळेतले मराठीचे मास्तर सांगायचे. सांगून झालं की मागच्या बाकावरून एक पोरगा तो शब्द मध्येच तोडून, एक र वाढवून म्हणायचा, पहिली तीन अक्षरं जोरात, शेवटची दोन हळू, आणि वर्ग हसायचा. मास्तर फळ्याकडे तोंड करायचे. हसत नसत, रागावतही नसत, फळा पुसत. पुसलेल्या फळ्यावर खडूचा पांढरा डाग उरायचा. प्रेमिलानं वर्षभर त्या गोळ्या गिळल्या. लघवी लाल झाली, तोंड तांबूस काळं पडलं, पोटात आग. डागांना काही झालं नाही. ज्यानं गोळ्या दिल्या तो म्हातारा मधल्या काळात निवर्तला, त्याच्यावर ओरडायची सोयही राहिली नाही. नाव मात्र मागे ठेवून गेला. दवाखान्यातून ते चौकात आलं, चौकातून भाजीवाल्याकडे, भाजीवाल्याकडून इंदुताईंकडे. आणि इंदुताई पार्लरच्या गाळ्याच्या मालकीण.

घरी नवरा बळीराम कूलरसमोर बनियनवर बसला होता. शहर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, अजूनही खुर्चीत बसला की उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा पुढे.

"काहून वं, काय म्हने डॉक्टर?"

"जात इचारून राहिली."

"तिनं बी?" बळीरामनं टीव्हीचा आवाज कमी केला. "दवाखान्यात कायले लागते?"

"मायी नाही गा, आजाराची. कॅन्सर आहे म्हने. चामडीचा."

त्यानं टीव्ही बंद केला. मग उठला, माठातलं पाणी आणून दिलं, आणि ती पिऊन होईपर्यंत समोर उभा राहिला. "तुया अंगात गेला म्हंजे त्याची बी जात गेली समज," तो म्हणाला. "छपन्नलेच सोडली ना आपुन." आणि दोघं हसली. हसता हसता बळीरामच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बनियननं पुसलं आणि कूलरला शिव्या घातल्या, कूलर घाम आणतो म्हणून.

पुण्याहून रोशनीचा फोन आला. ती रडली, मग सावरली, मग व्यवस्थेला लागली. "आई, पार्लरमध्ये सध्या अ‍ॅलर्जी सांग. कॅन्सर म्हटलं की लोक दुकानाची पायरी चढत नाहीत. फुल बाह्यांचंच घाल. रिपोर्ट आला की मग बघू." प्रेमिला हो म्हणाली. पोरीला हो म्हणण्याची तिला सवय होती. फोन ठेवल्यावर तिनं आरशासमोर बाही वर केली. दंडावर डाग पसरले होते, कडा पुसट, कुठे चुरगळलेल्या कागदासारखी कातडी. दुखत नव्हतं. रात्री थोडं खाजायचं. ही कातडी काहीतरी सांगत होती आणि प्रत्येकानं तिला आपल्या मनातलं नाव दिलं होतं. पोरीनंही आत्ताच दिलं. अ‍ॅलर्जी.

इंदुताई दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर आल्या, आत आल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर, पदर नाकाशी. एरवी पंधरवड्याला एकदा, दुपारी, चौक झोपलेला असताना, शटर अर्धं ओढून त्या हनुवटीचे केस काढून घ्यायच्या. येताना काखेत स्वतःचा टॉवेल. तो खुर्चीवर अंथरायचा, मग बसायचं. पंधरा वर्षं. पहिल्यांदा टॉवेल अंथरला तेव्हा प्रेमिलानं स्वच्छतेची आवड असेल म्हणून सोडून दिलं. नंतर एकदा बाजूच्या देशपांडेबाईंच्या घरी त्यांच्याच सोफ्यावर इंदुताई नुसत्या बसलेल्या दिसल्या, टॉवेलशिवाय, पाय वर घेऊन, चहा पीत. तरी प्रेमिला काही बोलली नाही. दोरा दातात असताना बोलता येत नाही, हे धंद्याचं सुख. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन हातांत, तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडापाशी, इतकं जवळ की समोरच्या बाईचा श्वास आपल्या गालावर. टॉवेल बुडाखाली आणि श्वास गालावर. ती मनात हसायची. आता महिनाभर इंदुताई आल्या नव्हत्या आणि हनुवटीवर तीन केस चांगले वाढले होते, उन्हात चमकत होते.

"प्रेमिला, माझं काही नाही गं," त्या म्हणाल्या, "मी कुठे मानते काही. पण लोक बोलतात. महारोग म्हणून राहिले. वरच्या भाडेकरणीनं मुलीला यायला बंदी केली. तू एक कर, डॉक्टरचा कागद आणून दाखव. नेमका कोणता प्रकार आहे, लागतो का नाही. मी फ्रेम करून लावते पाहिजे तर. नाहीतर बाई, या महिन्यात गाळा खाली करून दे."

"आनते," प्रेमिला म्हणाली. बोलून गेली. कागद आणते म्हणणं तिच्या जिभेवर बसलेलं होतं. शाळेत दाखला, कॉलेजात दाखला, रोशनीच्या वेळी दाखल्याचाही दाखला, आजा कुठला, पणजा कुठला. प्रत्येक खिडकीशी हात पुढे करून तिनं कागद दिला होता आणि खिडकीतल्या माणसानं आधी कागद पाहिला, मग तिचं तोंड, मग पुन्हा कागद, तोंडावर विश्वास नसल्यासारखा. इंदुताई गेल्यावर तिला स्वतःचा राग आला. गाळा जाईल ही भीती खरी होती. खुर्ची, आरसा, वाफेचं भांडं हलवता येतं, पण पंधरा वर्षं पायरी चढलेल्या बाया हलवता येत नाहीत. कागदानं गाळा वाचणार होता. तरी ती आणते म्हणाली तेव्हा पुन्हा एका खिडकीशी हात पुढे केल्यासारखं झालं होतं.

रिपोर्टच्या दिवशी मयुरा दारापर्यंत आली. "मंद आहे," ती आधी तेच म्हणाली, बसायच्याही आधी. "टीचाच आहे, पण अगदी सुरुवातीचा. रक्तात नाही, गाठींत नाही. लागत नाही कुणाला, कधीच लागत नाही." मग तिनं प्रेमिलाला स्वतःचा तळहात डागांवर ठेवायला लावला, दंडावर, कमरेवर, मांडीवर. माणसाचा तळहात म्हणजे ढोबळ मानानं त्याच्या अंगाचा शंभरावा भाग. डाग असे मोजायचे आणि दहा तळहातांच्या आत बसले की पहिली पायरी. प्रेमिलाचे बसले. आपल्याच हातानं आपल्याला मोजताना तिला बरं वाटलं. आजवर मोजणारा हात दुसऱ्याचा असायचा.

"नाव काय म्हने?"

मयुरानं नाव सांगितलं. लांब, परदेशी, तोंडात न मावणारं. "अर्थ बुरशी असा होतो," ती म्हणाली, "भूछत्रासारखी बुरशी."

"बुरशी आहे?"

"नाही. बुरशीशी काही संबंध नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरानं एका रोग्याच्या गाठी पाहिल्या, त्याला त्या भूछत्रासारख्या दिसल्या, त्यानं नाव ठेवलं. नंतर कळलं की चूक आहे."

"मंग बदललं काहून नाही?"

"सवय," मयुरा म्हणाली, जरा ओशाळून. "सगळ्यांना माहीत आहे चुकीचं आहे. पण तेच चालू आहे."

प्रेमिला हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, बाहेरची नर्स डोकावली इतकं. कुहीला पहिल्या सरींनंतर बांधावर सात्या, म्हणजे भूछत्रंच, उगवायच्या, माय टोपलीभर आणायची, रस्सा करायची. त्या चवदार सात्यांचं नाव आपल्या अंगावर, कुण्या गोऱ्या माणसाच्या नजरेची चूक, आणि शहाणेसुरते लोक दोनशे वर्षं ती सांभाळून राहिलेत. तिला आजा आठवला. छपन्न साली कुहीहून नागपूरला गेला, दीक्षा घेतली, परतला तेव्हा आतून दुसरा माणूस. देव्हाऱ्यातले देव त्यानं तळ्यात सोडले. जुनी कामं सोडली, मेलेलं ढोर ओढायला बोलावलं तर काठी घेऊन दारात उभा राहिला. गावानं सगळं पाहिलं. गावाला माहीत होतं. तरी वस्तीचं नाव तेच ठेवलं, म्हातारे सवयीनं म्हणायचे, पोरं मुद्दाम. मरेपर्यंत आजा प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचा, एकेकाला, न थकता. ते नाव आमचं नाही. लोक हो म्हणायचे आणि पुढच्या वळणावर तेच नाव घ्यायचे. चूक माहीत असणं वेगळं आणि सोडणं वेगळं, हे आजाला कळलं होतं की नाही कोण जाणे. पण तो दुरुस्त करत राहिला.

"काय झालं?" मयुरानं विचारलं.

"काही नाही वं बाई. मायी तुमची जमते."

मग इलाजाचं बोलणं झालं. उजेडाची पेटी, आठवड्यातून काही वेळा तिच्यात उभं राहायचं, डोळ्यांना गॉगल, अंगावर ठरावीक उजेड. हळूहळू पांढऱ्यात काळे ठिपके येतील, केसांच्या मुळाशी, मिरे सांडल्यासारखे. ते आले की समजायचं, जमतंय.

"काळी झाली म्हंजे बरी झाली?"

"तुमच्या बाबतीत हो," मयुरा म्हणाली. हे वाक्य प्रेमिलानं घरी नेण्यासाठी जपून ठेवलं.

शेवटी मयुरानं विचारलं, फोटो घेऊ का. अशा डागांना सगळे कोड समजतात, महारोग समजतात. सावळ्या कातडीवरचे फोटो पुस्तकांत कमी आहेत, पोरांना शिकवायला लागतात. "तोंड ओळखू येणार नाही. डोळ्यांवर काळी पट्टी लावतो आम्ही."

"कोनाच्या सोयीसाठी?"

"तुमच्याच."

प्रेमिलानं पोलक्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. चोराच्या फोटोला पट्टी असते, पेपरात. ज्याला लाज वाटली पाहिजे त्याला. त्या म्हाताऱ्या डॉक्टरानंही डोळे मिटायलाच सांगितले होते. "पट्टी लावाचीच असन तं डागावर लावा," ती म्हणाली. "डोये माये चांगले आहेत." मयुरानं फॉर्म पुढे सरकवला, म्हणाली, तशी संमती लिहून द्यावी लागेल. प्रेमिलानं दिली, पूर्ण नावानं, आणि कॅमेऱ्यात सरळ पाहिलं.

रिपोर्ट पर्समध्ये होता. सक्करदऱ्याच्या तलावाशी ऑटो सोडून ती शिंप्याकडे गेली, मनगटापर्यंतच्या बाह्या तिथल्या तिथे कापून घेतल्या आणि दंड उघडे टाकून चौक ओलांडला. ऊन डागांवर बसलं. भाजीवाल्यानं पाहिलं, तिनंही त्याला पाहिलं, तो मिरच्या निवडायला लागला. भीती होतीच. पोटऱ्यांत होती, पावलागणिक खाली उतरत होती. शटर उघडून तिनं कूलर लावला, खुर्ची पुसली. अर्ध्या तासात उंबऱ्याशी सावली आली. काखेत टॉवेल.

"आणला का गं कागद?" इंदुताई म्हणाल्या, आणि नजर दंडावर गेल्यावर, "अगं, हे काय, झाक ना."

"आनला."

"दे मग."

प्रेमिलाचा हात पर्सकडे गेला, इतकी सवय. चांगला कागद होता. लागत नाही, मंद आहे, पहिली पायरी, खाली सही-शिक्का. दिला असता तर गाळा वाचला असता आणि उद्या भिंतीवर फ्रेममध्ये तिची जात टांगली असती. तिनं पर्सची चेन ओढली आणि पर्स आरशामागे ठेवून दिली.

"कागद नाही दाखवत. तोंडानं सांगते. कॅन्सर आहे, चामडीचा. हळू चालनारा. लागत नाही कोनाले. आयकलं?"

"अगं पण तू सांगून कोण विश्वास—"

"मायं तोंड तुमाले पुरत नसन तं कागद बी पुरनार नाही, इंदुताई. पंधरा वर्षं तुमची हनुवटी ह्याच तोंडाजवळ होती. कोनता दाखला मांगला होता तवा?"

इंदुताईंचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. वरच्या खिडकीतून कुणीतरी वाकून ऐकत होतं. "गाळा माझा आहे," त्या म्हणाल्या, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

"आहे ना. खाली करा म्हनान तं करीन. चौकात झाडाखाली खुर्ची टाकीन, अशीच, उघड्या हातानं. पन आज दुकान चालू आहे. बसाचं असन तं बसा." प्रेमिलानं खुर्ची दाराकडे वळवली. "एक आहे. तो टॉवेल नाही टाकाचा."

चौकातून एक ट्रक गेला, आरसा थरथरला. इंदुताई उंबऱ्यावर उभ्या होत्या, टॉवेल आता काखेतून हातात आलेला, घडी न उघडलेली. प्रेमिलानं रिळाचा दोरा ओढला, तोडला, एक टोक दातात धरलं आणि दोन्ही हात वर उचलले, पांढरे आणि काळे, उजेडात. दोरा ताणून ती थांबली. आता तोंड बंद होतं. बोलायचं ते बोलून झालं होतं.